समाज कुणी घडवला? अभिजात समाजशास्त्र आणि बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. बी.ए., एम.ए. करणारी, सेट-नेटची तयारी करणारी दहा-बारा मुले-मुली येतात. मध्यंतरी एका मुलीने सरावाची प्रश्नपत्रिका काढली. पहिलाच प्रश्न होता, समाजशास्त्राचा जनक कोण? सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, ऑगस्त कॉम्त. मग दरखेम आला, मार्क्स आला, वेबर आला. प्रश्न संपल्यावर तिने विचारले, "ताई, यात बाबासाहेब कुठेच कसे नाहीत?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. आम्हाला बाबासाहेब होते, पण ‘भारतीय विचारवंत’ नावाच्या पेपरात, अगदी शेवटच्या घटकात. परीक्षा जवळ आली की तो घटक घाईघाईत उरकला जायचा. ‘सिद्धांत’ म्हणजे युरोपातले चार-पाच जण, आणि बाबासाहेब म्हणजे ‘समाजसुधारक’ अशी वाटणी झालेली होती.

या वाटणीवर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया दिसतात. काही कार्यकर्ते म्हणतात, हे परदेशी लोक आपल्या काय कामाचे? काही विद्यार्थी म्हणतात, सिद्धांत पाठ करू, मार्क मिळवू, चळवळ वेगळी. मला दोन्ही मान्य नाही. हे सिद्धांत म्हणजे समाजाकडे पाहण्याची अवजारे आहेत. प्रत्येक अवजाराला धार आहे, तशी मर्यादाही आहे. बाबासाहेबांनी ती अवजारे हातात घेतली, जिथे ती बोथट ठरत होती ती जागा ओळखली आणि तिथे स्वतःचा सिद्धांत उभा केला. हे समजून घ्यायचे तर आधी ही परंपरा थोडक्यात पाहावी लागेल.

शास्त्राच्या आधीचा विचार

समाजशास्त्र हा विषय साधारण दोनशे वर्षांचा आहे, पण समाजाविषयीचा विचार फार जुना आहे. त्या जुन्या विचाराच्या मुळाशी एकच प्रश्न होता: काही माणसे वर आणि काही खाली, हे कुणी ठरवले?

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आदर्श राज्याची कल्पना मांडताना समाज तीन थरांत विभागला. लोकांनी आपापला थर निमूटपणे स्वीकारावा म्हणून त्यांना एक कथा सांगावी, असे त्याने सुचवले. देवाने कुणाच्या घडणीत सोने मिसळले, कुणाच्या चांदी, तर कुणाच्या लोखंड आणि पितळ, अशी ती कथा. ही कथा खोटी असेल हे प्लेटो उघड मान्य करतो. अॅरिस्टॉटलने तर काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे म्हटले. आपल्याकडे पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण जन्मले असे सांगणारी कथा होतीच. या सगळ्यांचा सूर एकच: उतरंड माणसाने केलेली नाही, ती वरून आली आहे.

त्याच प्राचीन काळात उलट बाजूने बोलणारा आवाज तथागतांचा आहे. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात ब्राह्मण कुळात जन्मलेले वासेठ्ठ आणि भारद्वाज यांच्याशी त्यांचा संवाद आहे. त्यात समाज कसा घडत गेला हे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. सुरुवातीला तांदूळ सगळ्यांना सहज मिळत होता. मग कुणीतरी साठा करू लागला. साठ्यामुळे टंचाई आली, टंचाईमुळे शेताला बांध पडले, बांध पडल्यावर चोरी सुरू झाली, चोरीबरोबर खोटे बोलणे आणि मारामारी आली. शेवटी लोकांनी एकत्र येऊन आपल्यातल्याच एकाला निवडले आणि व्यवस्था राखण्याच्या बदल्यात त्याला तांदळाचा वाटा देऊ केला. लोकांची संमती मिळालेला म्हणून तो ‘महासम्मत’. वर्णांची नावेही कामांवरून पडली आणि ती सगळी माणसे एकाच समूहातली होती, असे हे सुत्त सांगते.

चक्कवत्तिसीहनाद सुत्तात असाच कार्यकारणभाव आहे. गरिबांना साधने न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. कूटदंत सुत्तात त्यावरचा उपाय सांगितला आहे: शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला योग्य वेतन. अस्सलायन सुत्तात तथागत दाखला देतात की योन आणि कंबोज या सीमेवरच्या प्रदेशांत दोनच वर्ग आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास व दासाचा मालक होऊ शकतो. म्हणजे चार वर्ण सगळ्या जगाचा नियम नाहीत. दोन समाजांची तुलना करून एखादा दावा तपासणे, ही पुढे समाजशास्त्राची मुख्य पद्धत झाली.

मात्र यावरून "बुद्ध हेच पहिले समाजशास्त्रज्ञ" अशी घोषणा करू नये. त्यांचा हेतू दुःखमुक्तीचा होता, एखादे शास्त्र स्थापण्याचा नव्हता. महत्त्वाचे इतकेच की समाजव्यवस्थेला कारणे असतात आणि ती कारणे माणसांच्या व्यवहारात शोधायची असतात, हा विचार युरोपात पहिल्यांदा सुचलेला नाही. ट्युनिस येथे जन्मलेल्या इब्न खल्दून यांनीही १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहून राजवटी का उभ्या राहतात आणि का कोसळतात याची कारणे समूहातल्या एकजुटीत शोधली होती.

युरोपला नवे शास्त्र का लागले?

१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती आणि त्याच सुमाराची औद्योगिक क्रांती यांनी युरोपातला जुना समाज हलवून टाकला. राजा आणि चर्च यांचा अधिकार डळमळला. खेडी ओस पडू लागली, शहरांत कारखान्यांभोवती गलिच्छ वस्त्या वाढल्या. जुने कोसळले आहे, मग आता समाज कशाच्या आधारे एकत्र राहणार? या चिंतेतून समाजशास्त्र जन्माला आले.

ऑगस्त कॉम्त (१७९८-१८५७) यांनी १८३८-३९ च्या सुमारास या शास्त्राला ‘सोशिओलॉजी’ हे नाव रूढ केले. मानवी विचार धार्मिक, तात्त्विक आणि वैज्ञानिक अशा तीन अवस्थांतून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. निसर्गाला जसे नियम आहेत तसे समाजालाही आहेत आणि ते निरीक्षणाने शोधता येतात, हा त्यांचा आग्रह. त्यांचे ग्रंथ संक्षिप्त रूपात इंग्रजीत आणले ते हॅरिएट मार्टिनो या विदुषीने, १८५३ साली. तिने स्वतः अमेरिकेत फिरून तिथल्या समाजाचा अभ्यास केला होता आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या त्या देशात गुलाम आणि स्त्रिया कुठे आहेत, हा प्रश्न विचारला होता. तिचे नाव मात्र बरीच वर्षे फक्त अनुवादक म्हणून घेतले गेले.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांनी समाजाची तुलना सजीव शरीराशी केली. ‘जो सक्षम तो टिकेल’ या अर्थाचा प्रसिद्ध शब्दप्रयोग त्यांचाच. गरिबांना सरकारने मदत करू नये, असा त्याचा अर्थ निघत होता. आज आरक्षणाच्या विरोधात ‘मेरिट’ची भाषा ऐकली की मला स्पेन्सर आठवतात. शर्यत कुठून सुरू झाली हे न विचारता निकाल न्याय्य मानायचा, ही ती विचारसरणी.

स्पेन्सर यांचे ‘द स्टडी ऑफ सोशिओलॉजी’ हे पुस्तक १८७३ साली आले. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना केली. धर्मकथांच्या आत सत्तेचा इतिहास दडलेला आहे, हे फुले दाखवत होते. प्रश्नपत्रिकेत त्या वर्षाचे एकच उत्तर येते.

मार्क्स: पोटापासून सुरुवात

कार्ल मार्क्स (१८१८-१८८३) यांची सुरुवात साध्या गोष्टीपासून होते. माणसाला आधी खावे लागते, त्यासाठी उत्पादन करावे लागते. उत्पादनाची साधने कुणाच्या हातात आहेत यावर समाजाची घडण ठरते. ज्याच्याकडे साधने नाहीत तो आपले श्रम विकतो, आणि त्याच्या श्रमातून निर्माण झालेल्या मूल्याचा मोठा वाटा मालकाकडे जातो. कायदा, धर्म आणि नीती बऱ्याचदा या नात्याचे रक्षण करतात. ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ चा.

भारताविषयी मार्क्स यांनी १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लेख लिहिले. रेल्वेमुळे आधुनिक उद्योग येतील आणि जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी विरघळेल, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढे गिरण्याही आल्या. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते, जिथे मजुरी जास्त होती, ते अस्पृश्य कामगारांना बंद होते. तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. एकाच गिरणीतले, एकाच मालकाचे कामगार, तरी एक वर्ग होत नव्हते. यंत्र आले, जात गिरणीत शिरली.

दरखेम: समाज व्यक्तीहून मोठा

एमिल दरखेम (१८५८-१९१७) यांनी समाजशास्त्राला पद्धत दिली. भाषा, रूढी, कायदा, लग्नाचे नियम या गोष्टी आपल्या जन्माआधीपासून असतात आणि आपल्यावर दाब आणतात. त्यांना त्यांनी ‘सामाजिक तथ्य’ म्हटले. १८९७ च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात त्यांनी दाखवले की जी कृती सर्वांत खासगी वाटते, तिच्या प्रमाणावरही समूहाशी असलेल्या बंधांचा परिणाम होतो. आत्महत्येमागे अनेक कारणे असतात, त्यात मनाच्या आजाराचाही भाग असतो. पण उच्च शिक्षणात आपल्या समाजातला विद्यार्थी एकटा पडतो आणि चर्चा फक्त त्याच्या मनाच्या कमकुवतपणाची होते, तेव्हा दरखेम उपयोगी पडतात. त्या वसतिगृहात, त्या वर्गात त्याला कुणी आपले मानले होते का, हा प्रश्न आपण विचारू शकतो.

दरखेम यांच्या मते आधुनिक समाज श्रमविभागणीमुळे एकमेकांवर अवलंबून राहतो आणि त्यातून एकता निर्माण होते. मात्र १८९३ च्या ग्रंथात त्यांनी ‘लादलेल्या श्रमविभागणी’चाही विचार केला आहे. वर्ग किंवा जातीमुळे माणसाला त्याच्या कुवतीविरुद्ध काम करावे लागते तेव्हा एकतेऐवजी संघर्ष जन्मतो. हा धागा त्यांनी फार पुढे नेला नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये तो टोकाला नेला. जात ही केवळ कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली विभागणी आहे, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या परिचयाचे आहे.

बौद्ध वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. १९१२ च्या धर्मावरील ग्रंथात दरखेम यांनी ‘धर्म म्हणजे देवावरची श्रद्धा’ ही व्याख्या खोडून काढताना मुख्य दाखला बौद्ध धम्माचा दिला. देव केंद्रस्थानी नसतानाही धर्म असू शकतो, मग धर्माची खूण दुसरीकडे शोधली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ती खूण त्यांनी पवित्र आणि अपवित्र या भेदात शोधली. पण पवित्र-अपवित्र हाच भेद माणसांना लावला तर काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार!

वेबर: अर्थ, दर्जा आणि एक चुकलेले वाचन

माक्स वेबर (१८६४-१९२०) यांचे म्हणणे असे की माणूस कृती करतो तेव्हा तिला काही अर्थ देतो, तो अर्थ समजल्याशिवाय समाज कळत नाही. प्रॉटेस्टंट पंथातील काटकसर आणि कष्टाच्या नीतीचा भांडवलशाहीच्या वाढीशी संबंध त्यांनी १९०४-०५ मध्ये मांडला. आपल्यासाठी त्यांचा सर्वांत कामाचा भेद वर्ग आणि दर्जा यांतला आहे. पैसा हातात आला म्हणजे मान मिळतोच असे नाही. चांगल्या पगाराचा अधिकारी भाड्याने घर शोधायला जातो, आडनाव सांगतो आणि घर ‘आधीच दिलेले’ असते. इथे वर्ग बदलला, दर्जा बदलला नाही. जात म्हणजे जन्माने पूर्ण बंद झालेला दर्जागट, असे वेबर सांगतात.

१९१६-१७ मध्ये वेबर यांनी हिंदू आणि बौद्ध धर्मांवर दीर्घ लेखन केले. ते भारतात कधी आले नव्हते. भाषांतरे, सरकारी अहवाल आणि इतरांचे अभ्यास यांवर त्यांची भिस्त होती. प्राचीन बौद्ध धम्म हा भिक्षूंचा, जगापासून दूर जाणारा, समाज बदलण्यात रस नसलेला मार्ग आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गृहस्थाला दिलेला सिगालोवाद सुत्तातला उपदेश किंवा कूटदंत सुत्तातले आर्थिक विवेचन समोर ठेवले की हे चित्र अपुरे वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमकी उलट मांडणी केली. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतो. धम्म मुळातच सामाजिक आहे.

९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ

आता आपण त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दरखेम हयात होते, वेबर आपले भारतावरील लेखन प्रसिद्ध करत होते, त्याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

त्यात ते सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या तेव्हाच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासतात. विटाळ, वंश, व्यवसाय यांपैकी काहीही जातीचे मूळ नाही, मूळ आहे अंतर्विवाह, म्हणजे गटाच्या आतच लग्न करण्याची सक्ती. मग ते विचारतात की गट बंद ठेवायचा तर काय करावे लागेल? पती किंवा पत्नी आधी मरण पावली की एक माणूस ‘अतिरिक्त’ उरतो. ती स्त्री असेल तर तिने गटाबाहेर लग्न करू नये आणि गटातल्या दुसरीचा संभाव्य नवराही घेऊ नये. त्यासाठी सती आणि सक्तीचे वैधव्य. तो पुरुष असेल तर त्याच्यासाठी अजून लग्नाचे वय न झालेली मुलगी, म्हणजे बालविवाह. जातीचे कुंपण स्त्रीच्या आयुष्यावर उभे आहे, हे त्यांनी १९१६ साली सिद्धांत म्हणून मांडले.

हे कुंपण इतर गटांत कसे पसरले? इथे त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत वापरला. वरच्याचे अनुकरण खालचा करतो आणि जवळचा आधी करतो. पुरोहित वर्गाने दारे लावून घेतली, काहींनी त्यांचे पाहून आपली लावली, उरलेल्यांना दारे बंद सापडली. मनूने जात निर्माण केली हेही ते मान्य करत नाहीत. जात मनूच्या आधीपासून होती, त्याने तिला नियमांत बसवले, असे ते म्हणतात. एक माणूस एवढी मोठी व्यवस्था एकट्याने निर्माण करू शकत नाही, हा पक्का समाजशास्त्रीय विचार आहे.

व्याख्या तपासणे, एक मूळ घटक वेगळा काढणे, त्यातून परिणाम सिद्ध करणे, प्रसाराचे कारण देणे. अभिजात सिद्धांताला आणखी काय लागते? तरीही तो निबंध सिद्धांताच्या पेपरात नसतो. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचेही असेच झाले. १८९९ साली त्यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांचा घरोघर फिरून अभ्यास प्रसिद्ध केला, पण समाजशास्त्राच्या मुख्य परंपरेत त्यांना जागा मिळायला फार वर्षे लागली. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते.

एक प्रश्न, चार अवजारे

मी सफाई कामगारांच्या कुटुंबांबरोबर काम करते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, तरी माणसे गटारात उतरतात. हा प्रश्न या अवजारांनी तपासून पाहा.

मार्क्स विचारायला लावतात: कंत्राटदार कोण, मजुरी किती, हातमोजे आणि यंत्राचे पैसे कुणी वाचवले? दरखेम विचारायला लावतात: हे काम ‘यांचेच’ हा समज सगळ्या शहरात इतका पक्का कसा, आणि एखादा मेला तरी शहराला धक्का का बसत नाही? वेबर विचारायला लावतात: त्याच खात्यात कायम झालेल्या, बरा पगार असलेल्या कामगाराच्या हातचा चहा ऑफिसात किती जण घेतात? आणि बाबासाहेब विचारतात: बापानंतर मुलगाच का? त्याचे लग्न कुठे होते, दुसरे दार त्याच्यासाठी कुणी बंद केले?

फक्त पहिला प्रश्न घेतला तर आपण मजुरीवाढीचे निवेदन देऊन थांबतो. फक्त शेवटचा घेतला तर कंत्राटदार सुटतो. निवेदन लिहिताना, सर्व्हेची प्रश्नावली बनवताना, मोर्चाच्या मागण्या ठरवताना चारही प्रश्न लागतात.

आमच्या अभ्यासवर्गात आता आम्ही क्रम बदलला आहे. एका रविवारी दरखेम, पुढच्या रविवारी ‘जातिनिर्मूलन’. एकदा वेबर, मग सिगालोवाद सुत्त. १९१६ चा निबंध छोटा आहे, दोन बैठकांत वाचून होतो. तुमच्या विहारात सुरुवात त्याच्यापासून करा. वाचताना प्रत्येकाने आपल्या घरातली मागच्या तीन पिढ्यांची लग्ने आणि कामे कागदावर लिहून आणावीत. सिद्धांत कशाला म्हणतात हे त्या कागदावर दिसेल.

त्या मुलीला परीक्षेत ‘ऑगस्त कॉम्त’ हेच उत्तर लिहायला मी सांगितले. मार्क हवेतच. पण पुढे ती शिकवायला उभी राहील तेव्हा प्रश्नपत्रिका तिच्या हातात असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!